एकट्याने डोंगरातला पहिला मुक्काम : कोर्ले, केंजळगड आणि रायरेश्वरचे पठार

सह्याद्रीत एकट्याने दिवसभर चालावे आणि रात्र तंबूत काढावी, अशी इच्छा झालेले बहुतेक नवखे भटके पहिल्याच खेपेस एखादी निर्मनुष्य जागा शोधू लागतात. माझे मत नेमके याच्या उलट आहे. एकट्याचा पहिला मुक्काम एखाद्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, पाण्याजवळ आणि तिथल्या माणसांना सांगून केलेला असावा. दिवसाची चाल मात्र खरोखर लांब पल्ल्याची असावी. सोबतीला कोणी नसताना अडचणी येतात त्या बहुधा संध्याकाळी येतात, पण त्यांचे मूळ दुपारी न घेतलेल्या निर्णयात असते. पाणी किती उरले आहे, उजेड किती उरला आहे आणि मागे फिरायचे कधी, या तीन प्रश्नांची उत्तरे अंगात ताकद असतानाच द्यावी लागतात. पुढील मार्गदर्शन याच दृष्टीने, एक प्रत्यक्ष वाट समोर ठेवून केले आहे.

जागा आणि ऋतू

पुणे जिल्ह्यातल्या भोरच्या दक्षिणेला, पुणे-सातारा जिल्ह्यांच्या सीमेवर, केंजळगड आणि रायरेश्वर एकाच डोंगररांगेवर शेजारी शेजारी उभे आहेत. केंजळगडाची उंची सुमारे ४,२०० फूट, तर रायरेश्वरच्या पठाराची सुमारे ४,५०० फूट आहे. पायथ्याच्या कोर्ले गावातून केंजळगडावर चढावे, गड पाहून दोन्ही डोंगरांमधल्या खिंडीत उतरावे, तिथून पश्चिमेकडे जाऊन कड्याला लावलेल्या लोखंडी शिडीने रायरेश्वरवर पोचावे, दुपारी पठारावरूनच पश्चिम टोकाच्या नाखिंदाच्या दिशेने चालून यावे आणि पठारावरच्या वस्तीजवळ तंबू ठोकावा, असा हा बेत आहे.

ही वाट निवडण्याचे मुख्य कारण म्हणजे रायरेश्वरच्या पठारावर माणसे राहतात. तिथली जंगम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पठारावरच शेती करून, रायरेश्वर महादेवाची पूजाअर्चा सांभाळून राहिली आहेत, आणि देवळाच्या वाटेवर गोमुखाचे बारमाही पाणी आहे. शिवाजी महाराजांनी १६४५ साली याच रायरेश्वरासमोर स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा असल्याने इथे शनिवार-रविवारी बरीच वर्दळ असते; नवख्याने त्याचा कमीपणा मानू नये, मात्र शांतता हवी असल्यास मधला वार निवडावा.

दुसरे कारण नियमांचे आहे. अनेक संरक्षित गडांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे, तर भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा कोयना यांसारख्या अभयारण्यांत वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय राहता येत नाही. शिवाय नियम बदलत असतात. त्यामुळे ‘मागच्या वर्षी मित्र राहून आला’ हा आधार पुरेसा नसून, रायरेश्वरलासुद्धा निघण्यापूर्वी आणि वर पोचल्यावर गावात विचारून घेणे आवश्यक आहे.

या वाटेसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ योग्य आहे. पावसाळ्यात पठारावर धुके उतरले की दिशेचे भान राहत नाही आणि शिडीचे लोखंड निसरडे होते. ऑक्टोबरात ऊन तापते आणि गवत उंच असल्याने आडवाटा बुजलेल्या असतात. मार्चपासून पाण्याची व वणव्याची चिंता वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागले तर उघड्या पठारावर विजेपासून लपायला जागा नसते. हिवाळ्यातही एक मर्यादा आहेच: डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चालण्यासाठी जेमतेम अकरा तासांचा उजेड मिळतो. शक्य असल्यास पौर्णिमेच्या अलीकडची रात्र निवडावी. चांदण्यात भोवतालचे झाड, बांध आणि देऊळ ओळखू येते, त्यामुळे पहिल्या रात्रीची निम्मी धास्ती कमी होते.

पाठीवरचे ओझे

एका रात्रीसाठी ४० ते ५० लिटरची सॅक पुरते. तंबू दोन किलोच्या आतला, स्लीपिंग बॅग एक-सव्वा किलोची, कॅरीमॅट, तीन लिटर पाणी, दीड दिवसाचे खाणे, गरम कपडे आणि किरकोळ वस्तू धरून एकूण वजन नऊ ते दहा किलोंच्या आसपास राहिले पाहिजे. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे नवख्याने उचलू नये. वजन कमी करताना तीन गोष्टींना हात लावायचा नाही: पाणी, हेडटॉर्च आणि थंडीचा कपडा. डिसेंबर-जानेवारीत पठारावर पारा दहा अंशांच्या खाली उतरू शकतो आणि वाऱ्यामुळे तो त्याहूनही कमी भासतो.

स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू पाठीला चिकटून खांद्यांच्या रेषेत, आणि दिवसभरात लागणाऱ्या वस्तू वरच्या कप्प्यात, या पद्धतीने सॅक भरावी. कॅरीमॅट सॅकच्या तळाला आडवी बांधण्याची सवय अनेकांना असते, परंतु कारवीच्या रानातून जाताना ती दोन्ही बाजूंनी अडकते आणि शिडीच्या कठड्यात अडकल्यास तोल जाण्याची भीती असते. म्हणून ती उभी बांधावी किंवा आत गुंडाळून ठेवावी. सॅकच्या बाहेर लोंबकळणारे पेले, चपला आणि पिशव्या ही हौसेची बाब आहे. शिडीवर आणि कातळावर ती महागात पडते.

पायात नवे बूट घालून निघू नये. किमान तीन-चार मोठ्या चालींत वापरलेले, कातळावर पकड घेणारे बूट असावेत. पावसाळ्यानंतरच्या गवतातून चालताना मोज्यांत आणि सुती पँटमध्ये कुसळे शिरतात, ती बोटांनी उपटून निघत नाहीत आणि प्रत्येक पावलाला टोचत राहतात. यावर गुळगुळीत कापडाची, घोट्यापर्यंत घट्ट येणारी पँट हाच उपाय आहे. जीन्स घालू नये, कारण घामाने किंवा दवाने भिजलेली जीन्स रात्रभर वाळत नाही.

खाण्यासाठी दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की आणि खजूर यांच्याइतके सोयीचे काही नाही. दशमी दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहते आणि स्टोव्ह न्यावा लागत नाही. पठारावरच्या घरांत दुपारीच सांगून ठेवल्यास रात्री पिठलं-भाकरी मिळू शकते, परंतु त्या भरवशावर स्वतःचे खाणे कमी करू नये. घरात कोणी आजारी असेल किंवा मंडळी खाली गावात गेलेली असतील, तर आपली सोय आपल्यापाशी हवी.

या सगळ्याचा सराव आधी करावा. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तेवढेच ओझे पाठीवर घेऊन सिंहगड दोन-तीनदा चढून उतरावा. तंबू घराच्या गच्चीवर, दिवे बंद करून, केवळ हेडटॉर्चच्या उजेडात उभारून पाहावा, कारण कोणती दांडी कोणत्या बाहीत जाते हे वाऱ्यात शिकण्याची वेळ नसते.

घरी ठेवायचा कागद

एकट्याने निघताना दोन माणसांकडे लेखी बेत असला पाहिजे. त्यात वाटेचा क्रम, मुक्कामाची जागा, तंबूचा आणि सॅकचा रंग, अंगावरचे कपडे, चालू असलेले औषध आणि रक्तगट एवढे लिहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक ठरावीक वेळ: ‘परतीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत माझा फोन आला नाही, तर प्रथम मला, मग भोर पोलिसांना फोन करावा’ असे स्पष्ट शब्दांत. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ हे वाक्य घरच्यांना बुचकळ्यात टाकते, कारण सहाला काळजी करायची की नऊला, हे त्यातून कळत नाही. एकदा बेत सांगितल्यावर वाटेत तो बदलू नये, आणि बदलावाच लागला तर मोबाइलला रेंज असतानाच कळवावे. डोंगराच्या दक्षिण आणि पश्चिम अंगाला रेंजची खात्री धरता येत नाही.

मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा आणि चालताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, म्हणजे बॅटरी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. रात्री फोन आणि पॉवरबँक दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते.

कोर्ल्याहून पठारावर

स्वारगेटहून भोरला एसटी सहज मिळते. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. भोरहून आंबवडेमार्गे कोर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्या मात्र मोजक्या असल्याने त्यांची वेळ भोर स्थानकातच विचारून घ्यावी. दिवस लहान असल्यामुळे आदल्या संध्याकाळी कोर्ल्यात पोचणे उत्तम. देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपायची परवानगी विचारली तर सहसा नकार मिळत नाही. सकाळी पावणेसातला चालू लागावे.

वेळेचा अंदाज बांधताना विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. हा हिशेब सरावलेल्या, हलक्या ओझ्याच्या माणसाचा आहे. आपल्याकडचे ऊन, घसारा (सुट्या माती-मुरमाचा निसरडा उतार) आणि पाठीवरचे दहा किलो धरून नवख्याने त्यात निम्म्याने भर घालावी. त्या मानाने केंजळगडाचा माथा नऊ-सव्वानऊपर्यंत यावा. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पन्नासहून अधिक उंच पायऱ्या लागतात. त्या चढताना काठी सॅकला बांधून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. माथ्यावर चुन्याचा घाणा आणि केंजाई देवीचे ठाणे आहे. दक्षिणेला धोम धरणाचे पाणी आणि कृष्णेचे खोरे, तर पश्चिमेला आज जिथे झोपायचे आहे ते रायरेश्वरचे लांबच लांब पठार दिसते. याच ठिकाणी नकाशा काढून समोरच्या डोंगराशी ताडून पाहावा. खिंड कुठे, सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार) कुठून चढते आणि कडा कुठे आहे हे वरून एकदा डोळ्यांत बसले की पुढची चूक टळते.

गडावरून खिंडीत उतरून सोंडेवरून शिडीच्या पायथ्याशी पोचायला दीड ते दोन तास लागतात. हल्ली बऱ्याच भागात रस्ता झाल्याने वाट चुकण्याची शक्यता कमी आहे, तरीही वाट विचारण्याची रीत नवख्याने शिकून घ्यावी. भेटलेल्या गुराख्याला ‘मामा, ही वाट शिडीकडंच जाते ना?’ असे विचारले, तर भिडेखातर ‘जाते की’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. त्याऐवजी ‘राम राम मामा, ही वाट कुठं निघते?’ असे विचारावे, म्हणजे उत्तर त्यांनाच द्यावे लागते. ‘अर्ध्या तासाची वाट’ हे माप त्यांच्या पायांचे असते. आपण ते दुप्पट धरावे.

वाट चुकण्याबाबत एक गोष्ट सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सह्याद्रीतले अनेक अपघात याच कारणाने होतात. हे डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांचे बनलेले आहेत. त्यातले कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहतात आणि मऊ थर झिजून उतार तयार होतात, त्यामुळे सगळा डोंगर उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा असा पायऱ्यापायऱ्यांचा असतो. वरून पाहताना केवळ उतार दिसतात. मधले कडे दिसत नाहीत. खाली गाव दिसते आहे, ओढा तिकडेच जातो आहे, म्हणून ओढ्यात उतरणारा माणूस पहिल्या कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी येऊन अडकतो, आणि जिथून घसरत उतरला तिथून त्याला वर चढता येत नाही. म्हणून मळलेली वाट विरळ होऊन ढोरवाटांत फुटू लागली आणि दहा मिनिटांत माणसाच्या वावराची एकही खूण दिसली नाही, तर थांबावे, पाणी प्यावे आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत उलट यावे. ‘पुढे मिळेल’ हा विचार एकट्याने करायचा नाही.

शिडीवर एका वेळी एकाने चढावे आणि वरून कोणी उतरत असेल तर त्याला आधी उतरू द्यावे. कड्यांना आग्या मोहोळे असतात, त्यामुळे त्या परिसरात उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. माशा उठल्याच तर हात न झाडता चेहरा झाकून वाट सुरक्षित असलेल्या दिशेने लांब जावे. शिडीवर किंवा कड्याच्या काठावर धावू नये. शिडी चढून गेल्यावर देवळापर्यंतची चाल सोपी आहे. वाटेत वेगवेगळ्या रंगांची माती दिसते, ती पाहावी आणि तिथेच राहू द्यावी. प्रत्येकाने एक-एक पुडी नेली तर काही वर्षांत दाखवायला काही उरणार नाही.

दुपारचे तीन

बाराच्या सुमारास वस्तीवर पोचल्यावर पहिले काम विश्रांतीचे नसून विचारपूस करण्याचे आहे. एखाद्या घरी जाऊन आपण कुठून आलो, एकटेच आहोत आणि एक रात्र तंबूत राहायचे आहे, हे सांगावे; ‘काका, कुठल्या पडीक रानात तंबू लावला तर चालेल?’ असे विचारावे. रात्रीचे जेवण हवे असल्यास तेव्हाच सांगावे आणि दर आधी विचारून घ्यावा. त्याच घरी मोठी सॅक ठेवण्याची विनंती करता येते, म्हणजे पुढची चाल हलक्या पाठीने होते. एकट्या स्त्रीने घरातल्या मावशींशी आधी ओळख करून घ्यावी आणि शक्य असल्यास अंगणातच तंबू लावावा. यात साहस कमी होत नाही.

पाणी गोमुखाचे असले तरी गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून मगच प्यावे. जलसंजीवनीचे पाकीट ज्या मापाच्या पाण्यासाठी छापलेले आहे तेवढ्याच पाण्यात मिसळावे. एक लिटरचे पाकीट अर्ध्या बाटलीत ओतल्यास तहान वाढते आणि पोटही बिघडू शकते.

जेवण आणि थोडा विसावा झाल्यावर एकच्या सुमारास नाखिंदाकडे निघावे. पठाराच्या पश्चिम टोकाला असलेले नाखिंदाचे नेढे म्हणजे खडकाला पडलेले आरपार भोक. तिथे पोचायला देवळापासून दोन ते अडीच तास लागतात, म्हणजे नवख्याला डिसेंबरच्या दिवसात ते पूर्ण होईलच असे नाही. त्यामुळे टोक गाठण्याचे ध्येय ठेवूच नये, वेळेचे ठेवावे. घड्याळात तीन वाजले की नेढे समोर दिसत असले तरी माघारी वळायचे. येताना दोन तास लागतात, पाचला वस्तीवर पोचता येते, आणि तंबूसाठी एक तास उजेड उरतो. या हिशेबात वीस मिनिटांची सूट दिली तर तंबू अंधारात उभा राहतो, जागा नीट पाहिली जात नाही आणि पुढची सगळी रात्र त्या घाईची किंमत मोजत राहते. नेढे पुढच्या खेपेला पाहता येते.

हलक्या पाठीने निघतानाही पाणी, हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार, एक गरम कपडा, थोडे खाणे आणि फोन सोबत असलाच पाहिजे. वस्तीवरचे एखादे कुत्रे सोबत येते; त्याला खायला घालून ओढत नेऊ नये, कारण ते दुसऱ्या गावापर्यंत येऊन बसते आणि मग त्याचे हाल होतात.

तंबूची जागा

हिवाळ्यात पठारावर गव्हाची शेते असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय कोणत्याही रानात पाऊल टाकू नये. दाखवून दिलेल्या पडीक तुकड्यात चार गोष्टी पाहाव्यात. कड्याच्या काठापासून जागा चांगली आत हवी, कारण रात्री वाऱ्याचा झोत काठावरच अधिक बसतो आणि लघवीला उठलेल्या झोपाळू माणसाला काठ दिसत नाही. दगडी बांधाचा आडोसा उपयोगी पडतो, पण तंबू बांधाला अगदी चिकटून लावू नये. दगडांच्या फटींत साप आणि विंचू असतात. जनावरांच्या येण्याजाण्याची वाट सोडावी. जमीन किंचित उताराची असावी आणि डोके चढाच्या बाजूला करावे.

पठारावर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असून खाली कातळ लागतो, त्यामुळे खुंट्या दोन बोटे जाऊन वाकतात. तेव्हा त्या हट्टाने ठोकू नयेत. खुंटी आडवी ठेवून तिला दोरी बांधावी आणि तिच्यावर डोक्याएवढा दगड ठेवावा. दगड उचलण्यापूर्वी तो पायाने किंवा काठीने उलटून पाहावा. हे दगड सकाळी जागच्या जागी ठेवायचे असतात. तंबूचा दरवाजा वाऱ्याकडे पाठ करून असावा, आणि वरचे झरोके थंडी वाजली तरी उघडे ठेवावेत. बंद तंबूत श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे थेंब बनून स्लीपिंग बॅगवर गळते. बाहेरच्या दवाची त्यात भर पडते.

शेकोटी पेटवू नये. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, हे एक कारण झाले. मोठे कारण असे की डिसेंबरनंतर पठाराचे गवत पूर्ण वाळलेले असते आणि एक ठिणगी गुरांची वर्षभराची वैरण खाक करते. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करावा, नंतर तो मातीने बुजवावा. कागद आणि ओले टिश्यू पिशवीत घालून परत आणावेत.

रात्र

सहा वाजता सूर्य मावळतो आणि सातनंतर पठारावर करण्यासारखे काही नसते, म्हणजे जवळपास अकरा-बारा तास तंबूत किंवा तंबूच्या तोंडाशी काढायचे असतात, याची कल्पना पुष्कळांना नसते. जेवण गावातल्या घरी, गप्पांसह झाले तर वेळ सुखाने जातो. झोपण्यापूर्वी बूट तंबूच्या आत घ्यावेत, तंबूची चेन पूर्ण लावावी, हेडटॉर्च गळ्यात किंवा उशाशी ठेवावी, आणि ओले मोजे बदलून कोरडे घालावेत. खाण्याच्या वस्तू बंद डब्यात ठेवाव्यात. उंदरांना तंबूचे कापड कुरतडायला वेळ लागत नाही.

पहिल्या रात्री झोप येत नाही ती आवाजांमुळे. माळावर अंधार पडल्यावर लाकडावर ठोकल्यासारखा ‘चक्‌ चक्‌ चक्‌’ असा एकसुरी आवाज येतो, तो रातव्याचा, म्हणजे एका निशाचर पक्ष्याचा. खालच्या रानातून मध्येच कुत्र्यासारखे, पण तुटक भुंकणे ऐकू येते, ते बहुधा भेकराचे असते. टिटवी रात्रीही ओरडते, आणि ती ओरडली म्हणजे एवढाच अर्थ की तिच्या जवळून काहीतरी चालत गेले. बरेचदा ते गावातलेच जनावर असते. गवतात साळिंदर फिरले तर खसखस होते. तंबूचे कापड वाऱ्याने फडफडू लागले की ते पावलांसारखे भासते, म्हणून दोऱ्या ताणून घ्याव्यात; निम्मे आवाज तिथेच थांबतात. बाहेर जावे लागल्यास बूट झटकून घालावेत आणि उजेड पावलांसमोर जमिनीवर धरून चालावे.

काही बिनसलेच तर

घोटा मुरगळणे ही सर्वांत अधिक संभवणारी दुखापत आहे. बूट लगेच काढू नये, सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. त्यावरूनच पट्टी आवळावी, काठीच्या आधाराने जवळच्या वस्तीकडे वळावे आणि पुढचा बेत सोडून द्यावा.

सर्पदंशाबाबत मात्र काटेकोर असले पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप असून फुरसे खडकाळ माळांवर आढळते, तर मण्यार रात्री बाहेर पडते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. दंश झाल्यास जागा कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, साप मारण्याच्या नादी लागू नये. अंगठी, घड्याळ काढावे, तो हात किंवा पाय हलू न देता आधार द्यावा आणि शिट्टी वाजवून माणसे बोलवावीत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून भोरच्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे. प्रतिविष हाच उपचार आहे आणि ते रुग्णालयातच देता येते. वस्तीजवळ मुक्काम करण्याचा आग्रह सुरुवातीला धरला तो यासाठीच, कारण एकट्या माणसाने धावपळ करत डोंगर उतरणे हे विष पसरायला मदत करण्यासारखे आहे.

मदतीची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबणे आणि पुन्हा तेच. मिनिटाला तीन शिट्ट्या हे उत्तर असते. फोन लागत असेल तर ११२ वर कळवावे. महाराष्ट्रातील डोंगरी बचाव पथकांचा समन्वय महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर करते. त्यांचा मदत क्रमांक निघण्यापूर्वीच शोधून फोनमध्ये आणि कागदावर लिहून ठेवावा. मदत मागितल्यावर जागा बदलू नये.

उतरताना

सकाळी उन्हे तंबूवर येईपर्यंत थांबणे फायद्याचे असते, कारण ओला तंबू पाऊण किलोने जड होतो. तंबू काढल्यावर मोकळ्या जागेवर एकदा वाकून चालावे. खुंट्या, रबर, चिक्कीचे कागद आणि औषधाच्या पट्टीचे तुकडे उभ्याने दिसत नाहीत. ज्या घरी जेवलो तिथे ठरलेले पैसे द्यावेत, पोरांना चॉकलेटे वाटत बसू नये आणि निघताना सांगून निघावे, नाहीतर दुपारी तुमचा तंबू दिसला नाही म्हणून तेच शोधायला निघतील.

परतीला केंजळगड पुन्हा चढण्याची गरज नाही. शिडी उतरून सोंडेवरून खिंडीत आणि तिथून कोर्ल्याला यावे. उताराला गुडघ्यांवर ताण येतो, त्यामुळे पावले छोटी टाकावीत आणि घसाऱ्यावर टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल टेकवावे. रेंज आल्याबरोबर कागद ज्यांच्याकडे ठेवला आहे त्या दोघांनाही फोन करावा. घरी पोचल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घालावा, वाकलेल्या खुंट्या बाजूला काढाव्यात, आणि प्रथमोपचाराच्या डब्यातले जे संपले ते त्याच आठवड्यात भरून ठेवावे.